पाचशे अठ्ठावीस

आधी एक खुलासा. हे लिहायला मामांची परवानगी घेतली आहे. मागच्या रविवारी गांधीबागेत गेलो होतो, तेव्हा विचारलं. मामा दुकानात गादीवर बसले होते. (निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज दोन तास जाऊन बसतात. पगार नाही, चहा मिळतो.) म्हणाले, "लिही ना बाबू. पण थानाचं बरोबर लिहिजो."

दुसरा खुलासा मोठ्या मावशीसाठी. मावशी, तुला हे नात वाचून दाखवेल, तर शेवटपर्यंत ऐक आणि मगच फोन कर. मधूनच करू नकोस.

तर थान. गांधीबाग ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: सेंट्रल अव्हेन्यूला लागून, एकीकडे इतवारी, दुसरीकडे महाल, आणि मध्ये हा ठोक कापडाचा बाजार. गल्ल्या अरुंद, त्यात हातगाड्या, कापडाच्या गाठी वाहणारे हमाल, दुचाक्या, आणि या सगळ्यात "आपली गाडी आत जाईल" असं वाटणारा एक तरी कारवाला. (तो बहुतेक वेळा मी असतो.) गावोगावचे दुकानदार इथून माल नेतात. मामांनी इथे एकाच दुकानात बेचाळीस वर्षं नोकरी केली. मालक तीन झाले, मामा तेच.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर दुकानात जायचो. तिथला माझा आवडता खेळ म्हणजे अर्धवट वापरलेलं थान (पुण्या-मुंबईकडचे ताका म्हणतात) मामांसमोर धरायचं आणि विचारायचं, किती उरलं? मामा बोटांच्या चिमटीत जाडी धरायचे, एकदा हात फिरवायचे आणि म्हणायचे, "साडेअकरा." मग मी मोजायचो. अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर निघायचं. मला ती जादू वाटायची. मामांना नाही. ते म्हणायचे, कापड पातळ असलं की चिमूट फसवते, सैल गुंडाळलं असलं की फसवते, आणि कोणी आधी घाईत उलगडून पुन्हा गुंडाळलं असेल तर विचारूच नको. म्हणून त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईकाला चार मीटर हवं असेल आणि अंदाज अकराचा असेल, तर मोजायची गरज नाही, काप. पण गिऱ्हाईकाला अकरा हवं असेल आणि अंदाज साडेअकराचा असेल, तर "हो" म्हणायच्या आधी थान पूर्ण उलगडायचं आणि मीटरपट्टीनं मोजायचं. मग कितीही गर्दी असो.

हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून माहीत होतं. आता पुढचं वाचा.

जानेवारी २०२३. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, त्याच दिवशी आमच्या सेंट्रल अव्हेन्यूवरची मेट्रोही. म्हणजे दोन्ही नवीकोरी होती, आणि नागपुरात ज्याच्याकडे गाडी होती तो प्रत्येक जण "समृद्धीवरून जाऊन आलो" हे सांगायला उत्सुक होता. मी अजून गेलो नव्हतो.

रात्री आठ वाजता मावशीचा फोन मामांना आला. मावशी औरंगाबादला असते. (तेव्हा औरंगाबादच होतं, छत्रपती संभाजीनगर त्यानंतर महिन्याभरात झालं.) बायपास ठरली होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती पुढच्या आठवड्यात होती. ती अचानक पुढे आली, उद्या सकाळी सात वाजता. मावशी म्हणाली, "भाऊ, येशील का?"

हे वाक्य साधं वाटतं. पण त्या दोघांचं तोवर दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारंज्याच्या घराचं जे काय झालं ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, बाकीच्यांना माहीत असायची गरज नाही. असो. दोन वर्षांनी बहिणीनं फोन केला आणि "येशील का" विचारलं. मामांनी "निघालोच" म्हणून फोन ठेवला आणि मला लावला.

निघेपर्यंत दीड वाजला. मामीची औषधं, स्वेटर, तिळाचे लाडू (बायपासच्या पेशंटला लाडू! पण मामी ऐकते थोडीच), वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला किल्ली. गांधीबागेतल्या त्या रात्रीच्या रिकाम्या गल्लीत गाडी सुरू केली, मामा पुढे, मामी आणि बायको मागे, आणि समोरच्या पडद्यावर आकडा आला: ५२८.

म्हणजे उरलेल्या डिझेलमध्ये गाडी अजून पाचशे अठ्ठावीस किलोमीटर जाईल. आम्हाला जायचं होतं साधारण साडेचारशे. वर ७८ शिल्लक. काट्यात टाकी अर्ध्याच्या थोडी वर दिसत होती. वर्धा रोडला पंप उघडा होता. मामांनी विचारलं, "टाकी भरायची का?"

मी म्हणालो, "नको मामा, पाचशे अठ्ठावीस दाखवतेय."

मामांनी त्या आकड्याकडे वाकून पाहिलं. मग एक प्रश्न विचारला, जो मला मरेपर्यंत आठवणार आहे. "हे जे दाखवून राहिलं बाबू, हे मोजून दाखवते की अंदाजानं?"

आणि मी, इंजिनिअर माणूस, म्हणालो, "कॉम्प्युटर आहे मामा."

मामा गप्प बसले. कॉम्प्युटर म्हटल्यावर आपल्याकडची वडीलधारी माणसं गप्प बसतात. त्याचा आपण किती गैरफायदा घेतो!

आता ते ५२८ कुठून आलं ते सांगतो. नंतर मी हे सगळं नीट वाचून काढलं. (आधी वाचायला काय झालं होतं, हे विचारू नका.) टाकीत एक तरंगता फुगा असतो, एका दांडीला लावलेला. डिझेल कमी झालं की फुगा खाली, दांडी खाली, त्यावरून गाडीला कळतं की अमुक लिटर उरलं. हा पहिला अंदाज. टाकी काही सरळसोट डबा नसते, सीटखाली आणि एक्झॉस्टच्या पाइपाच्या आजूबाजूला बसेल अशी वाकडीतिकडी असते. गाडी चढावर उभी असली की फुगा वेगळं सांगतो, उतारावर वेगळं. दुसरा अंदाज सरासरीचा. इंजेक्टर किती डिझेल सोडतोय हे गाडीचा कॉम्प्युटर मोजत असतो आणि किती अंतर गेलं हेही, त्यावरून मागच्या काही अंतराची सरासरी काढतो. मग उरलेले लिटर गुणिले ही सरासरी. संपलं. एवढीच जादू.

म्हणजे तो आकडा पुढच्या रस्त्याबद्दल काहीच सांगत नाही. मागचा रस्ता जसा गेला तसाच पुढचा जाईल, असं धरून चालतो.

आणि माझा मागचा रस्ता कोणता? आदल्या दोन दिवसांत आम्ही रामटेक आणि भंडाऱ्याकडे फिरून आलो होतो. दोघंच, एसी बंद, ट्रकांच्या मागे सत्तर-पंचाहत्तरच्या वेगानं, गप्पा मारत. गाडीनं लिटरला बावीस दिले होते. टाकीत चोवीसेक लिटर. चोवीस बावीस पाचशे अठ्ठावीस. गणित अगदी बरोबर होतं हो.

पुढचा रस्ता कोणता? समृद्धी. गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा, घाटात कमी. चार माणसं, डिकी भरलेली, काचांवर वाफ धरते म्हणून एसी चालू, आणि सातच्या आत पोचायचं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे मी अकरावीत शिकलो होतो. ८० वरून १२० ला गेलात तर वेग दीडपट, विरोध सव्वादोन पट. शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं. पण परीक्षेत लिहिणं वेगळं आणि रात्री अडीच वाजता स्टिअरिंगवर आठवणं वेगळं.

शिवमडक्याहून वर चढलो. काय रस्ता! बायकोनं फोटो काढायचा प्रयत्न केला, अंधाराचा आला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाहिलं तर आकडा ३४६. शंभर गेलो आणि एकशे ब्याऐंशी कमी झाले. मी मनात म्हटलं, स्थिरावेल. कारंज्याची पाटी आली. मामा जागे होते. पाटीकडे पाहिलं, ती मागे जाईपर्यंत पाहिलं, काही बोलले नाहीत.

दोनशे झाले तेव्हा आकडा १८७. जायचे होते अडीचशे. आता डोक्यात प्रकाश पडला. त्या सुरुवातीच्या महिन्यांत समृद्धीवर पंप आणि खाण्यापिण्याच्या सोयी तुरळक होत्या, ही गोष्ट पेपरात येऊन गेली होती, मी वाचलीही होती. तरी एक पंप मागे गेला होता. ट्रकांची रांग होती, मी थांबलो नाही.

मग मी वेग कमी केला. ऐंशीवर आणली. आणि काय सांगू, आकडा घसरायचा थांबला! उलट वाढला. १७४ चा १७९ झाला, मग १८३. ज्यांच्या गाडीत हा आकडा आहे त्यांना ही गंमत माहीत असेल. रस्ता पुढे सरकतोय आणि शिल्लक वाढतेय. बँकेतून पैसे काढावेत आणि पासबुकात वाढावेत तसं. ते पाच-नऊ किलोमीटर म्हणजे सरासरी थोडी सुधारली म्हणून पडद्यावर उमटलेले आकडे होते, टाकीत एक थेंब वाढला नव्हता. पण मला इतकं बरं वाटलं की पंधरा मिनिटांनी घड्याळ पाहून मी पुन्हा एकशे वीसवर गेलो.

मेहकरला उतरून गावात पंप शोधता आला असता. पंधरा-वीस मिनिटं गेली असती. मी मनात हिशेब केला: जालना गाठू, तिथे उतरू, भरू. आकडा तेव्हा नव्वदच्या आसपास होता आणि जालना तेवढ्यातच कुठेतरी. (मामांचा नियम आठवतोय का? गिऱ्हाईकाला अकरा, अंदाज साडेअकरा.)

आमच्या गाडीत आकडा पन्नासच्या खाली गेला की दिसायचाच बंद होतो. नुसत्या तीन आडव्या रेघा येतात. जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हा तो हात वर करतो. त्यामागे कारण आहे, तळाशी इतकं थोडं डिझेल असताना फुग्याचा भरवसा नसतो, म्हणून बनवणाऱ्यांनीच आकडा दाखवायचा नाही असं ठरवलेलं असतं. हे प्रामाणिकपणाचं आहे खरं तर. पण त्या रेघा पाहून पोटात गोळा आला तो आला.

सिंदखेड राजा मागे गेलं. पाच पंचवीसला, जालना पंचवीस-तीस किलोमीटर राहिलं असताना, इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं. उरल्यासुरल्या वेगावर गाडी डाव्या कडेला घेतली.

इथे एक गोष्ट बाजूला ठेवून सांगतो, कारण ती महत्त्वाची आहे. अशा रस्त्यावर बंद गाडीत बसून राहायचं नाही. मागून येणाऱ्याला १२० च्या वेगात उभी गाडी हलती वाटते आणि कळेपर्यंत वेळ गेलेली असते. चौघंही उतरलो, लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवला, दिवे लुकलुकते ठेवले, आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. जानेवारीची पहाट, वारा, मामीच्या अंगावर दोन शाली. मामा पासष्टी ओलांडलेले. मदतीच्या नंबरला फोन लावला, पलीकडचा माणूस नीट बोलला, गाडी पाठवतो म्हणाला.

मामा एकदाही काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त हातातल्या घड्याळाकडे बघायचे, मग रस्त्याकडे.

आमच्या लहानपणी बाबांकडे बजाजची स्कूटर होती. पेट्रोल संपलं की ती बंद पडायची, बाबा खाली हात घालून खटका रिझर्व्हवर फिरवायचे आणि घरी पोचायचो. रिझर्व्हही संपलं तर स्कूटर आडवी करायची, पुन्हा उभी करायची, एक किक. तेवढ्यावर कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत जायचीच. त्या स्कूटरला आकडा नव्हता. पण खटका फिरवला की नक्की माहीत असायचं, आता एवढंच आहे. कठड्यामागे उभं राहून मला ती स्कूटर आठवत होती. डिझेल गाडी आडवी करून भागत नाही.

मदतीच्या गाडीच्या आधी एक ट्रक थांबला. रिकामा, जालन्याला परत चाललेला. (जालन्याच्या सळया प्रसिद्ध आहेत, त्याच पोचवून येत होता.) ड्रायव्हर तिशीतला असेल. "तेल संपलं काय?" एवढंच विचारलं. केबिनमधून एक काठी काढली, स्वतःच्या टाकीचं झाकण उघडून आत घातली, वर काढून मोबाइलच्या उजेडात ओल कुठपर्यंत आहे ते पाहिलं. मी विचारलं, काटा बंद आहे का? म्हणाला, "काटा हाय की. काठी खोटं बोलत नाही." मी मामांकडे पाहिलं नाही. मला बघवलंच नाही.

त्यानं पाइप लावून पाच लिटरचा कॅन भरून दिला. ओतलं. मला वाटलं, झालं. किल्ली फिरवली, फिरवली, फिरवली. गाडी काही सुरू होईना.

डिझेलचं दुखणं हेच आहे, आणि मला ते तेव्हाच कळलं. पेट्रोल गाडीत बहुतेक वेळा पेट्रोल ओतलं, दोन-चारदा किल्ली फिरवली की काम भागतं. डिझेल पूर्ण संपलं की नळ्यांमध्ये हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही, त्यामुळे पंपाला हवा तो दाबच तयार होत नाही आणि इंजेक्टरला काही मिळत नाही. शिवाय तो जो उच्च दाबाचा पंप असतो, त्याचं वंगणही डिझेलच. कोरडा फिरवत राहिलात तर तो झिजतो, आणि त्याचं बिल पाहून माणूस कोरडा पडतो. म्हणजे मी जे करत होतो, किल्ली फिरवत राहणं, ते सगळ्यात वाईट. ड्रायव्हरनं मला बाजूला केलं, बॉनेट उघडलं, फिल्टरजवळचा रबरी फुगा शोधला आणि तो दाबत बसला. वरचा स्क्रू सैल केला, त्यातून फेस येत राहिला, फुस्स फुस्स, फेसाचं नुसतं डिझेल झालं तेव्हा स्क्रू आवळला. "आता मारा." सात वाजून पाच मिनिटांनी गाडी सुरू झाली. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. पाच लिटरच्या वर एक रुपया त्यानं घेतला नाही. तिळाचे लाडू मात्र घेतले, मामीनं पूर्ण डबाच दिला.

सात वाजून पाच मिनिटं.

जालन्याला उतरून टाकी भरली. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा आठ चाळीस. मावशीला पावणेसातला आत नेलं होतं. मावसभाऊ दारात उभा होता. त्यानं सांगितलं, नेताना तिनं नर्सला दोनदा म्हटलं, जरा थांबा, माझा भाऊ येऊन राहिला. नर्स तरी काय करणार? ऑपरेशन थिएटरची वेळ असते.

"काय झालं एवढा उशीर व्हायला?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं. आणि माझ्या आधी मामा बोलले, "गाडी गरम झाली होती."

तर मावशी, ही ती गोष्ट. गाडी गरम झाली नव्हती. गाडी ठणठणीत होती, आजही आहे. तू प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगतेस ना, "ऐन वेळी गाडीनं दगा दिला हो", ते ऐकताना मी दर वेळी बशीतला शिरा ढवळत बसतो. मामांनी तेव्हा झाकलं आणि नंतर कधीही, अगदी मामीसमोरही, विषय काढला नाही.

ऑपरेशन नीट झालं, हे तुम्हाला माहीतच आहे. मावशी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, चौथ्या दिवशी मामांशी भांडली (चहात साखर का नाही म्हणून), म्हणजे सगळं पूर्ववत. कारंज्याच्या घराचा विषय पुन्हा निघाला नाही. मी एकदा मामांना विचारलं होतं, त्या रात्री तुम्ही तिला काय सांगणार होता? ते म्हणाले, "ते सकाळी सातच्या आधीचं होतं बाबू. नंतर ती बरी झाली. मग काय सांगायचं?"

हे मला अजून नीट पचलेलं नाही.

त्यानंतर मी एक वही केली. टाकी पंपावर आपोआप बंद होईपर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरायची, किती लिटर गेलं ते लिहायचं, भागायचं. आकडा नाही, काटा नाही, पंपाच्या मापानं. अडीच वर्षं झाली. माझी गाडी शहरात साडेचौदा देते, साध्या हायवेवर बावीस, समृद्धीवर शंभरनं सतरा-अठरा, एकशे वीसनं पंधरा. पडदा मात्र नेहमी एक-सव्वा किलोमीटर जास्त सांगतो. गांधीबागेत संध्याकाळी पाऊण तास अडकून निघालो की हाच आकडा उलटा फसवतो. एसीवर उभं राहून सरासरी इतकी खाली जाते की अर्धी टाकी असून दोनशेच दाखवतो आणि नवा माणूस घाबरून पंपाकडे पळतो. हल्लीच्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत आणखी एक भानगड आहे. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल खर्चून काजळी जाळते. त्या दिवशी सरासरी का घसरली ते कळतच नाही. माझी जुनी आहे, तिला हे नाही. शेजाऱ्याच्या गाडीला आहे, तो मला वही दाखवायला येतो आता. (वहीचा संसर्ग वाढतोय.)

मोजणारेही फसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर मामा शेफारतील. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून एडमंटनला निघालं. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं. अगदी आपल्या ट्रकवाल्यासारखं. मोजमाप बरोबर होतं. पण कॅनडा तेव्हा नुकता मेट्रिककडे चालला होता आणि लिटरचं वजन काढताना किलोच्या जागी पौंडाचा गुणक वापरला गेला. हवं होतं २२,३०० किलो, भरलं गेलं २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. हवेत उंचावर असतानाच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकानं विमान तरंगवत गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, कोणीही दगावलं नाही. हे मी मामांना रविवारी सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे मीटर समजून गजानं कापलं." त्यांच्या दुकानात सुरुवातीच्या काळात जुना लोखंडी गज अजून पडलेला असायचा, आणि नव्या पोऱ्यानं एकदा तसं केलंही होतं म्हणे.

समृद्धी आता पूर्ण झाली, जून २०२५ पासून थेट ठाण्याच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. आम्ही गेल्या दोन वर्षांत त्या रस्त्यानं मावशीकडे पाच वेळा गेलो. दर वेळी वर्धा रोडवर टाकी गळ्यापर्यंत भरतो, अर्ध्यावर आली की पहिला दिसेल त्या पंपावर पुन्हा भरतो, रांग असो नसो. डिकीत आता लोखंडी कॅन ठेवावा का असं बायकोला विचारलं, तर तिनं बघितलं तसं फक्त बायकोच बघू शकते. ठेवला नाही. तो आकडा बंद करता येतो का म्हणून सर्व्हिसिंगवाल्याला विचारलं होतं. येत नाही म्हणाला. मग मी त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. उन्हाळ्यात तो सुटतो. आपल्या नागपुरात काय चिकटून राहतं?

रविवारी मी गेलो तेव्हा दुकानात एक जोडपं आलं होतं, मुलाच्या मुंजीसाठी जरीचं कापड घ्यायला. सात मीटर हवं होतं. थानात थोडंच उरलेलं दिसत होतं. नवा मुलगा म्हणाला, "होऊन जाईल काका, सात निघते." मामा गादीवरून उठले. गुडघे दुखतात, उठायला वेळ लागतो. त्यांनी थान घेतलं, पूर्ण उलगडलं, पट्टीनं मोजायला लागले. सहा मीटर ऐंशी.

मावशी, आता फोन कर. पण दुपारी दोननंतर. सकाळी गाडी सर्व्हिसिंगला टाकतोय.